केशर कासारीण आणि तिचा पेटीवाला

या गोष्टीतल्या गावाचे नाव आता नक्की आठवत नाही. नदी गावाच्या पूर्वेला होती की पश्चिमेला, हेही खात्रीने सांगता येणार नाही. वय झाले की आठवणी एकमेकींत मिसळतात आणि माणूस ऐकलेले पाहिलेले म्हणून सांगू लागतो. तेव्हा नाव राहू द्या. एका गावात एक कासारीण होती आणि तिचे नाव केशर होते, एवढे मात्र खरे.

केशर बांगड्या भरायची. आसपासच्या दहा गावांत तिच्यासारखा हात नव्हता. समोर बसलेल्या बाईचा हात ती आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याने तळव्याची गादी एकदाच दाबायची आणि माप न लावता सांगायची, या हाताला कोणती बांगडी जाईल. मग बोलता बोलता त्या बाईचा अंगठा आत दुमडायची, बोटे जुळवायची, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर आलेली असायची. शेतात राबणाऱ्यांचे घट्ट हात, म्हाताऱ्यांचे गाठाळलेले हात, सगळे तिच्या बोटांत मऊ पडत.

"हात सैल सोड गं," ती म्हणायची, "भरून झाला की तुझा तुला परत देणार आहे."

बायका हसायच्या. बांगड्या भरून झाल्या की तिला नमस्कार करायच्या.

तिच्या नवऱ्याचे नाव अंतोबा. तो पेटी उचलायचा. एकेक डझन बांगड्या पेंढ्यात आणि कागदात गुंडाळायच्या, पेटीत रचायच्या, दोरी आवळायची आणि पेटी डोक्यावर घेऊन केशरच्या मागून चालायचे, हे त्याचे काम. गावात त्याला नावाने फारसे कुणी हाक मारत नसे. पेटीवाला म्हणत.

"काय पेटीवाले, तुम्ही कधी शिकणार बांगड्या भरायला?" बायका विचारायच्या.

"मी भरायला बसलो तर पेटी कोण उचलणार? तुम्ही?" अंतोबा म्हणायचा.

यावर केशरही हसायची. पण हळूहळू तिलाही तसेच वाटू लागले होते. कसब आपले, नाव आपले, आणि नवरा नुसता हमाल.

अंतोबाचे आणखी एक काम होते. कासाराच्या घरात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वाढलेल्या बांगडीची काच जमिनीवर राहू देत नाहीत, कारण गिऱ्हाईक खालीच बसते. बायका घरी बांगड्या भरायला येणार असल्या की अंतोबा ओसरी झाडून काढायचा. मग अनवाणी पायांनी ओसरीभर सावकाश फिरायचा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. डोळ्याला न दिसणारी काच पायाला कळते. कुठे टोचले की तो वाकून ती उचलायचा. काही टोचले नाही की म्हणायचा, "साफ आहे. बसा." त्याच्या वडिलांची हीच रीत होती, आणि त्यांच्याही वडिलांची.

एकदा शेजारच्या गावी लग्नघरचा चुडा भरायला जायचे होते. एसटी यायची वेळ झाली, तरी अंतोबा बांगड्या गुंडाळतच बसला होता.

"आवरा की! तुमच्या गुंडाळण्यापायी गाडी जाईल."

"शेवटचे दोन डझन राहिलेत. तसेच नको नेऊस."

"बांगड्यांना काय थंडी वाजते?" केशर म्हणाली. तिने उघड्या बांगड्या तशाच वर टाकल्या, पेटी उचलली आणि ताडताड पुढे निघाली. अंतोबा दोरी हातात घेऊन मागून धावला.

गाडीच्या पायरीवर केशरचा पाय सटकला. पेटी खाली आणि केशर पेटीवर. त्या उघड्या बांगड्यांची काच तिच्या उजव्या हातात कोपराच्या खाली, आतल्या बाजूने, खोल शिरली.

रक्त थांबले. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटे तिची राहिली नाहीत. सुई टोचली तरी कळेना, विस्तव जवळ नेला तरी कळेना. ज्या तीन बोटांवर तिचे सगळे कसब होते, तीच गेली होती.

त्या दोन डझन बांगड्यांबद्दल अंतोबा त्या दिवशी काही बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरने तिच्या हाताची शस्त्रक्रिया केली. डॉक्टर तरुण होता, पुष्कळ शिकलेला होता, आणि आपण सांगितले ते बरोबर होते ना, या काळजीने प्रत्येक वाक्यानंतर थोडा थांबत होता.

"बाई, तुमची नस तुटली होती, ती मी शिवली आहे. रक्ताची नव्हे, निरोपाची. पण शिवली म्हणजे लगेच चालू होत नाही. जिथं कापली तिथून बोटांपर्यंतचे तिच्यातले जुने धागे आता मरणार."

केशरने डोळे मिटून घेतले.

"पुढचं ऐका. त्या प्रत्येक धाग्याभोवती बारीक पेशी असतात. एकीपुढे एक, ओळीनं. आपलंच अंग त्या धाग्याभोवती गुंडाळून बसलेल्या असतात. त्यांच्यामुळे निरोप झपाट्यानं जातो, आणि धाग्याचं पोषणही त्या पाहतात. धागा मेला तरी त्या लगेच मरत नाहीत. मेलेल्याचा कचरा उपसतात, वाट मोकळी करतात आणि रिकाम्या वाटेवर रांग धरून थांबतात. वरून नवा धागा फुटतो, तो या रांगेच्या आधारानं खाली येतो. रांग नसली तर तो भरकटतो."

"किती दिवसांत येतो?" अंतोबाने विचारले.

"रोज खसखशीच्या दाण्याएवढा सरकतो. बोटांच्या टोकांपर्यंत यायला वर्ष तरी लागेल. जास्तही लागेल. आणि अगदी पूर्वीसारखं होईलच, असं मी सांगू शकत नाही."

अंतोबाने केशरच्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे डॉक्टरसाहेब, ते आतले गुंडाळणारे आमच्यातलेच दिसतात. पेटीवाले."

डॉक्टर हसला. केशर हसली नाही.

तेव्हापासून घरात एकच विषय राहिला, केशरचा हात. रोज सकाळी अंतोबा तिचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा. तेल लावून एकेक बोट उघडायचा आणि मिटायचा, कारण बोटे हलवली नाहीत तर धागा येईपर्यंत सांधे धरतील असे डॉक्टरने बजावले होते. मग कोपराच्या खालून बोटाने टकटक करत खाली यायचा.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"हं. मुंग्या आल्या."

जिथे मुंग्या येतील तिथवर नवा धागा पोचला, असे डॉक्टरने शिकवले होते. अंतोबा तिथे कुंकवाचा ठिपका लावायचा. महिन्याभरात ठिपका दोन बोटे खाली यायचा. अंतोबाला तेवढ्यानेही आनंद व्हायचा. केशरला व्हायचा नाही. "बैलगाडीनं तरी यायचं होतं त्या धाग्यानं," ती म्हणायची आणि तोंड फिरवायची.

सकाळचे हे झाले की अंतोबा पेटी घेऊन एकटाच गावे हिंडायला निघायचा. आता बांगड्याही तोच भरायचा. त्याचा हात जड होता. डझनात दोन तरी वाढायच्या.

"पेटीवाले, हात धरलाय का नांगर?" बायका ओरडायच्या.

तो घरी येऊन हे केशरला सांगायचा, तिला हसू यावे म्हणून. तिला राग यायचा.

"चार पिढ्यांचं नाव तुम्ही चार महिन्यांत घालवणार," ती म्हणायची. "हात जाणं म्हणजे काय असतं, ते ज्याचा जातो त्यालाच कळतं. तुमचं काय गेलंय?"

अंतोबा वाळत चालला होता. त्याला सारखी तहान लागायची. रात्रीत चारचारदा उठून पाणी प्यायचा. "त्या तांब्याच्या आवाजानं माझी झोप मोडते," केशर एकदा म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून अंतोबाने तांब्याखाली फडक्याची घडी ठेवली. केशर शांत झोपू लागली. तिला वाटले, त्याची तहान कमी झाली असेल.

दर महिन्याला, कधी दोनदाही, दोघे शहरातल्या दवाखान्यात जायची. डॉक्टर केशरचा हात तपासायचा, टाचणी टोचून पाहायचा, ठिपके मोजायचा. अंतोबा समोरच्या स्टुलावर बसून राहायचा. डॉक्टर त्याला म्हणायचा, "तुम्ही फार चांगली काळजी घेता." अंतोबा लाजायचा.

दहावा महिना लागला. ठिपका मनगट ओलांडून तळव्याच्या सुरुवातीला आला होता. त्या सुमारास गावातल्या एका लग्नघरच्या बायका हिरवा चुडा भरायला घरी आल्या. अंतोबाने ओसरी झाडली. मग नेहमीसारखा अनवाणी फिरला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

"साफ आहे. बसा."

नवरीची आत्या बसायला म्हणून वाकली, हात टेकला आणि किंचाळली. तिच्या तळहातातून रक्त आले. शेजारी बसलेल्या मुलीच्या टाचेलाही काच लागली. बायका उठून उभ्या राहिल्या. चुडा भरायच्या दिवशी रक्त निघाले म्हणून नवरीच्या आईचा चेहरा उतरला.

केशरचा तोल गेला. "आताच फिरलात ना इथून? डोळे तर गेलेच, पायही गेले का तुमचे?"

अंतोबा गोंधळून आपल्या पायांकडे पाहत राहिला. "मी फिरलो की गं," तो म्हणाला. "मला नाही लागली."

"तुम्हाला काय लागतंय कधी!" केशर म्हणाली. "बायको लोळागोळा झाली तरी लागलं नाही, काच कुठली लागणार!"

बायका हसल्या. अंतोबाही त्यांच्याबरोबर हसला. मग त्याने पुन्हा ओसरी झाडली, दोनदा झाडली, आणि फिरण्याऐवजी गुडघ्यांवर बसून हाताने चाचपून पाहिली.

टाचणी टोचली आणि कळले नाही, म्हणजे काय, हे त्या घरात केशरइतके कुणालाच ठाऊक नव्हते. दहा महिने ती तेच भोगत होती. पण ते ज्ञान तिच्या हातापुरते होते. नवऱ्याच्या पायापर्यंत ते गेले नाही.

तीन आठवड्यांनी घरात कुजकट वास येऊ लागला. केशरने उंदीर मेला असेल म्हणून कोठीची खोली उपसली. वास कोठीत नव्हता. सकाळी अंतोबा तिचा हात मांडीवर घेऊन बसला, तेव्हा वास अगदी जवळून आला. तिने खाली पाहिले. त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि तळवा काळा पडला होता.

"अहो, हे काय?"

"कुठं काय?" अंतोबा म्हणाला. त्याने पाय वळवून पाहिला आणि तोही चकित झाला. "दुखत तर नाही काही."

डॉक्टरने तळव्यातून काच काढली. हिरव्या बांगडीचा तुकडा होता, नखाएवढा. त्या चुड्याच्या दिवसापासून अंतोबा तो तळव्यात घेऊन गावोगाव चालत होता.

"साखरेचा आजार आहे," डॉक्टर म्हणाला. "बऱ्याच दिवसांचा. रक्तात साखर वाढली की हे धागेही खंगतात आणि गुंडाळणाऱ्या पेशीही आजारी पडतात. सगळ्यांत लांबचे धागे आधी जातात, म्हणून पाय."

"पण त्यांचा पाय कुठं कापला होता?" केशर म्हणाली.

"कापावा लागत नाही, बाई."

डॉक्टर जायला वळला, पण गेला नाही. परत येऊन तिच्याशेजारी बाकावर बसला.

"चौदा वेळा ते तुमच्याबरोबर आले," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासमोर स्टुलावर बसायचे. वाळलेले दिसायचे. मी एकदाही त्यांना चप्पल काढायला सांगितलं नाही. तुम्ही निदान शिकलेल्या नाही. मी शिकलेला आहे."

पाय गुडघ्याखाली काढला. तरी विष अंगात भिनले ते भिनलेच. पाचव्या दिवशी अंतोबाला थोडी हुशारी आली. त्याने केशरला जवळ बोलावले.

"सहा दिवस झाले, टकटक राहिली."

"राहू दे हो."

"आण इकडं."

तिने हात पुढे केला. त्याचे बोट सावकाश मनगटावरून खाली आले.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"हं."

बोट अंगठ्याच्या मुळाशी थांबले होते. "आला बघ," अंतोबा म्हणाला. "आता थोडंच राहिलं." कुंकू जवळ नव्हते. त्याने नखाने तिथे बारीकशी खूण केली.

केशरला तेव्हा त्या दोन डझन उघड्या बांगड्यांविषयी बोलायचे होते. तांब्याखालच्या फडक्याविषयी बोलायचे होते. पण तो दमलेला दिसला. उद्या बोलू, असे तिने ठरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी अंतोबा गेला.

शेजारणींनी रीतीप्रमाणे केशरच्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. उजव्या हाताकडे पाहून एक जण म्हणाली, "सांभाळून गं, या हाताला काही कळत नाही तिच्या." केशर म्हणाली, "मला कशालाच काही कळत नव्हतं."

महिने गेले. धागा यायचा थांबला नाही. तो ज्या रांगेच्या आधाराने येत होता, ती रांग आत तशीच धरून बसली होती. एके दिवशी केशरने चहाची कपबशी उचलली आणि अंगठा चटकन मागे घेतला.

"अहो, भाजलं!" ती आनंदाने ओरडली. "भाजलं मला!"

घरात कुणी नव्हते. कपबशी खाली पडून फुटली होती. ती वाकून एकेक तुकडा वेचू लागली.

बोटांत बारा आणे तरी जान आली. पुन्हा हात दाबून माप सांगता येईल, इतके कळू लागले. पण आता लग्नघरची बोलावणी येईनात. विधवेच्या हातून नवरीचा चुडा कोण भरून घेणार? बायका वाटेत भेटायच्या, तिचा हात हातात घेऊन पाहायच्या, "बरा झाला हो अगदी, पण..." असे म्हणायच्या आणि पुढचे बोलायच्या नाहीत. ज्या हातासाठी तिने घरातल्या दुसऱ्या कशाकडे पाहिले नाही, तो हात आला, आणि त्या हातात हात द्यायला कुणी राहिले नाही.

शेवटच्या तपासणीला ती एकटीच शहरात गेली. डॉक्टरने टाचणी टोचली. ती "हं, हं" म्हणत गेली. तपासून झाले तरी ती उठली नाही.

"एक विचारू का, डॉक्टर? ते आतले रांग धरून थांबतात म्हणालात. माझ्या हातात धागा आला. पण एखाद्याच्या हातात आलाच नाही, तर? वाट बघणाऱ्यांचं काय होतं?"

डॉक्टरने बराच विचार केला. "मला खात्रीनं माहीत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही पुस्तकं वाचता. बघून ठेवा."

"बघतो," डॉक्टर म्हणाला.

केशर पुन्हा दवाखान्यात आली नाही. काही वर्षांनी ती वारल्याचे कुणीतरी डॉक्टरला सांगितले. प्रश्न मात्र त्याच्याजवळ राहिला. एका ठिकाणी वाचून त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने उत्तर अनेक ठिकाणी पडताळले. पूर्ण खात्री पटली तेव्हा तोही म्हातारा झाला होता. त्याला कळले ते असे. धागा नुसता घेत नाही. जिवंत असतो तोवर तो आपल्याला गुंडाळणाऱ्या पेशींना सतत काही निरोप देत असतो, आणि त्या निरोपावरच त्या धाग्याला गुंडाळून राहतात. धागा तुटला की त्या निरोपाशिवाय थांबतात, महिनोन्‌महिने थांबतात. पण निरोप फार दिवस आला नाही की त्या आक्रसतात, एकेक करून कमी होतात, आणि उशिरा आलेल्या धाग्याला धरायला रांग उरत नाही.

तात्पर्य: आपल्याला जपणाऱ्या माणसाला काही दुखत नाही असे धरून चालू नये; तोही आपल्या शब्दावर जगत असतो, म्हणून त्याची विचारपूस आजच करावी.